पडद्यावरची पांढरी चौकट

तहसील कचेरी असो, बँक असो, महाविद्यालयाचा प्रवेश असो की रेशनचे काम असो, आज आपण खिडकीपाशी उभे राहिलो की आत बसलेला ऑपरेटर आपले नाव विचारतो आणि पडद्यावरच्या एका पांढऱ्या चौकटीत ते टंकतो. आपले सारे लक्ष त्याच्या बोटांकडे असते. नाव चुकले की आपण त्यालाच बोल लावतो. परंतु वाचकहो, त्या चौकटीत काय लिहिता येईल, किती लिहिता येईल आणि काय मुळीच लिहिता येणार नाही, हे त्या बिचाऱ्या ऑपरेटरने ठरवलेले नसते. ते दुसऱ्याच कोणीतरी, दूर कुठेतरी बसून, आधीच ठरवून ठेवलेले असते. तो ठरवणारा म्हणजे प्रोग्रामर. त्याच्या बोलीत या चौकटीला टेक्स्ट बॉक्स किंवा टेक्स्ट फील्ड म्हणतात.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशासाठी, असे कोणी म्हणेल. मैंदर्गीसारख्या गावातून पाहिले म्हणजे कळते. नावातील एक मात्रा चुकली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी अक्कलकोटला, नाहीतर थेट सोलापूरला खेटे घालावे लागतात. शेतमजुरी करणाऱ्या माणसाला प्रत्येक खेट्याला एक खाडा पडतो. मुलाच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, अशी स्थिती झाली की शिष्यवृत्ती अडते. आमची मुले संगणक शिकतात, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावतात, टॅली शिकतात. चौकटी भरायला ती छान शिकली आहेत. चौकटी बनवायलाही शिकली पाहिजेत, असे आम्हांस वाटते; आणि ते काम वाटते तितके अवघड नाही.

आम्ही कारकून माणसे. डॉसच्या काळ्या पडद्यावर फॉक्सप्रो चालत असे, तेव्हाची गोष्ट अनेक कारकुनांना आठवत असेल. तेथे प्रत्येक चौकटीला ‘पिक्चर’ नावाचा साचा देता येई. साच्यात सहा वेळा ९ लिहिले की त्या चौकटीत सहा आकडेच बसत, अक्षर टंकले तर ते उमटतच नसे. उद्गारचिन्ह लिहिले की इंग्रजी अक्षर आपोआप मोठ्या लिपीत जाई. एका ओळीत चौकटीचा स्वभाव ठरून जाई.

पुढे विंडोज आले. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकने, ज्याची सहावी आवृत्ती १९९८ साली निघाली, चौकट तयार करून हातात दिली. माऊसने ओढून फॉर्मवर ठेवायची, झाले. मात्र तयार मिळणाऱ्या चौकटीला तिच्या स्वतःच्या सवयी असतात. ती काहीही स्वीकारते, ना आकडा बघते ना अक्षर. आपल्याला वेगळे हवे असेल तर त्या चौकटीचा वारसा घेऊन आपली नवी चौकट घडवावी लागते. प्रोग्रामिंगमध्ये याला इनहेरिटन्स, म्हणजे वारसाच म्हणतात. जुन्या चौकटीचे सारे गुण नवीला फुकट मिळतात, आणि जी सवय नको तेवढी बदलून टाकता येते. वारसा घेण्याची ही रीत आम्हांस फार आवडते!

बदलण्याजोगी पहिली सवय एंटर या कळीची. टॅली ही १९८६ साली सुरू झालेल्या आपल्याच देशातील कंपनीची देणगी. टॅलीवर किंवा फॉक्सप्रोवर हात बसलेला कारकून एका चौकटीत लिहून झाले की एंटर दाबतो आणि पुढच्या चौकटीत जातो. विंडोजमध्ये मात्र पुढे जाण्यासाठी टॅब ही कळ आहे, आणि एंटर दाबले की बहुतेक फॉर्मवर ‘ओके’चे बटण दाबले गेल्यासारखे होते. म्हणजे अर्धाच भरलेला अर्ज जमा! आता कोणाची सवय बदलायची? शेकडो कारकुनांची, की एका चौकटीची? समंजस प्रोग्रामर चौकटीची बदलतो. कळ दाबली गेली की ‘कीप्रेस’ नावाची घटना घडते. त्या घटनेत पाहायचे की दाबलेली कळ तेरा क्रमांकाची, म्हणजे एंटरची आहे काय; असेल तर तिचे मूळ काम थांबवायचे आणि लक्ष पुढच्या चौकटीवर न्यायचे. दोन-तीन ओळींचे काम आहे, पण दिवसभर खिडकीवर बसणाऱ्या माणसाचे मनगट आणि डोके दोन्ही वाचतात.

कीप्रेसने एवढे साधते म्हणून नवशिके सारा पहारा तिथेच बसवतात. पिन कोडची चौकट घ्या. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या कल्पनेतून. त्यात सहा आकडे असतात आणि पहिला आकडा कधीच शून्य नसतो. आकड्याखेरीज कोणतीही कळ दाबली तर ती गिळून टाकायची, असे कीप्रेसमध्ये लिहिले की नवशिक्याला वाटते काम संपले. पण ऑपरेटर दुसरीकडून मजकूर उचलून येथे चिकटवतो तेव्हा काय होते? चिकटवलेली अक्षरे त्या पहाऱ्यातून जातच नाहीत. पुढचे दार बंद केले, मागचे सताड उघडे राहिले.

याच दाराने आधार क्रमांकाचा घोटाळा होतो. कार्डावर क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटांत छापलेला असतो, मध्ये जागा सोडून. समजा ‘१२३४ ५६७८ ९०१२’ असा मजकूर चिकटवला. आकडे बारा, पण मधल्या दोन जागा धरून चिन्हे झाली चौदा. चौकटीला बाराची मर्यादा घातलेली असेल तर ती निमूटपणे शेवटची दोन चिन्हे कापते, आणि आत राहतात दहाच आकडे. म्हणून चांगली चौकट आधी मधल्या जागा काढते, मग मोजते. आणि ती एकेक कळ तपासत बसत नाही. ‘हा बदल होऊ दिला तर चौकटीत एकूण काय उरेल’ हे पाहते. जावामध्ये यासाठी डॉक्युमेंट फिल्टर आहे, पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये व्हॅलिडेट कमांड आहे. दोन्हींमधून टंकलेलेही जाते आणि चिकटवलेलेही.

चौकटीत आपण होऊन दुरुस्ती करताना आणखी एक गंमत होते. नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत हवे म्हणून प्रत्येक बदलानंतर मजकूर पुन्हा नव्याने लिहिला, की विंडोजच्या चौकटीतला कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो. पुढचे अक्षर मागच्याच्या आधी उमटते. मग ‘के ए एम बी एल ई’ असे टंकणाऱ्या कांबळे बाईंचे आडनाव ‘ई एल बी एम ए के’ असे उलटे उमटते! उपाय साधा आहे. दुरुस्तीपूर्वी कर्सर कोठे होता ते टिपून ठेवायचे आणि दुरुस्ती झाल्यावर त्याला परत तेथेच नेऊन बसवायचे.

आता आकडे आणि नावे यांत फरक करू. आकड्यांच्या बाबतीत चौकटीने कडक राहावे, असे आमचे मत आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक जुनी युक्ती ठाऊक असते. तेरीज जुळेना आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असावेत असे समजावे. ५७३० च्या जागी ५३७० लिहिले तर फरक ३६०, म्हणजे ४० वेळा ९. हाताने लिहिणाऱ्याची ही नेहमीची चूक, टंकणाऱ्याचीही तीच. आधार क्रमांकात या चुकीवर आधीच तोड काढलेली आहे. बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली ही रीत आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर हिशेब जुळत नाही आणि चौकटीला तत्काळ कळते. इंटरनेट लागत नाही, सरकारी कचेरीला विचारावे लागत नाही. शिवाय आधार क्रमांकाचा पहिला आकडा ० किंवा १ नसतो, हेही तपासता येते. वरचे आमचे उदाहरण एकाने सुरू होते, ते त्यासाठीच.

बँकेच्या आयएफएससी संकेताचीही तीच गोष्ट. तो अकरा चिन्हांचा असतो आणि त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. लोक तेथे हटकून इंग्रजी ‘ओ’ टंकतात. येथे ऑपरेटरवर ओरडण्यात काय अर्थ? पाचव्या जागी ‘ओ’ आला तर त्याचे शून्य करून टाकावे, एवढी अक्कल चौकटीला देता येते.

पण नाव म्हणजे आकडा नव्हे. खरा घोळ येथे सुरू होतो, आणि तो आपल्या भाषेत अधिक होतो.

‘मैंदर्गी’ या नावात अक्षरे किती? मैं, द, र्गी. शाळकरी पोरही तीन सांगेल. संगणक मात्र आठ मोजतो: म, त्यावरच्या दोन मात्रा, अनुस्वार, द, र, हलन्त, ग आणि दीर्घ ई. या प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी होती. २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ घरे देवनागरीची. त्यापूर्वी व त्यानंतरही पुष्कळ वर्षे मराठी छपाईचे काम वेगळ्या युक्तीने चाले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवलेले फॉन्ट असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर नेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रावर केलेले काम आणि १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक यांनी वाट सुधारली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आता कल्पना करा की, कोणा हुशार प्रोग्रामरने नावाच्या चौकटीला नियम घातला: ‘फक्त अक्षरे चालतील.’ नियम ऐकायला बरोबर आहे. डॉटनेटमध्ये ‘हे अक्षर आहे काय’ असे विचारणारे तयार साधन आहे, त्याने ते वापरले. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली, सारे उत्तम चालले. परंतु ते साधन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही! पायथॉनमधील तसल्याच साधनाला ‘मैंदर्गी’ हा शब्द दिला तर तेही उत्तर देते की, यात सारीच अक्षरे नाहीत. चौकट मात्रा गिळत जाते आणि शेवटी पडद्यावर उरते: मदरग. गावाचे नावच पुसले गेले. यात कोणाचा दुष्टावा नाही. फक्त नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपली भाषा नव्हती. म्हणून देवनागरी नावाच्या चौकटीत २३०४ ते २४३१ ही सारी घरे मोकळी ठेवावी लागतात. सोबत रिकामी जागा, आद्याक्षरांसाठी पूर्णविराम आणि जोडाक्षरांसाठी लागणारी दोन अदृश्य चिन्हेही चालू द्यावी लागतात.

लांबीची मर्यादा घालतानाही हेच भान हवे. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरे, संगणकाला दहा. साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून वीस बाइटांचे घर ठेवले तर त्यात ज्ञानेश्वर मावत नाही, मग पूर्ण नाव कोठून मावणार? आणि तोडताना जोडाक्षराच्या मध्ये तोडले तर शेवटी लोंबता हलन्त उरतो.

काही चिन्हे दिसतात एक आणि असतात दोन. वकिलांच्या नावामागचा ‘ॲड.’ घ्या. या ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र घर आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहीत, काही आजही लिहितात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एकाने नोंदवले, दुसऱ्याने शोधले, सापडले नाही. जाणत्या चौकटीने आत घेतानाच दोन्हींचे एक रूप करून ठेवावे.

इंग्रजीतून मराठीत आपोआप नाव उतरवणाऱ्या चौकटीही असतात. आधारची पहिली कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिली गेली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या नोंदणीच्या प्रोग्राममध्ये इंग्रजी नाव टंकले की शेजारी स्थानिक भाषेतील नाव यंत्र सुचवते आणि ऑपरेटरने ते तपासून दुरुस्त करायचे असते. इंग्रजीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. ‘कांबळे’ लिहिले काय आणि ‘कांबले’ लिहिले काय, इंग्रजी स्पेलिंग एकच. यंत्र बिचारे अंदाज करते. नोंदणी केंद्रावर दुसरा पडदा आपल्याकडे तोंड करून ठेवलेला असतो, तो याचसाठी. माता-भगिनींना आमची विनंती आहे की, घरातील शिकल्या लेकराला सोबत न्या आणि त्या पडद्यावरील प्रत्येक मात्रा वाचून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

हे झाले चुकीचे नाव. पण जे नावच चौकटीत बसत नाही त्याचे काय? आमच्या भागाची सोयरीक आळंद, अफझलपूर, इंडी या कर्नाटकातील तालुक्यांशी होते. तिकडून येणाऱ्या कित्येकींच्या कागदावर आडनावच नसते, नुसते नाव आणि एक आद्याक्षर. आपला फॉर्म म्हणतो: नाव, पतीचे नाव, आडनाव, तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विंडोजमध्ये चौकट सोडताना ‘व्हॅलिडेटिंग’ ही घटना घडते, आणि तेथे नकार दिला तर कर्सर त्या चौकटीतून हलतच नाही. प्रोग्रामरने काळजी घेतली नसेल तर रद्द करण्याचे बटणसुद्धा दाबता येत नाही. मागे रांग वाढत असते. मग ऑपरेटर काय करतो? एक टिंब देतो, किंवा नाव पुन्हा आडनावाच्या जागी टंकतो, किंवा सासरचे आडनाव परस्पर लावून मोकळा होतो. सुटका होते, पण कागदावर खोटे उतरते.

ही गोष्ट संगणकाने आणलेली नाही. आपल्या मागच्या पिढीत १ जून हा वाढदिवस असलेली माणसे किती आहेत, ते घरोघर मोजून पाहा. आईला पावसाळा आठवत होता, तारीख नव्हती. शाळेच्या रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. गुरुजींनी १ जून लिहिले. ‘माहीत नाही’ असे लिहायला जागाच नसली की रकाना खोटे बोलायला लावतो, मग तो कागदावरचा असो की पडद्यावरचा. म्हणून नावाच्या व जन्मतारखेच्या चौकटीत ‘नाही’ किंवा ‘फक्त वर्ष माहीत’ असे सांगण्याची सोय ठेवणे हे प्रोग्रामरचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

क्यूटी नावाची एक प्रणाली आहे, तिच्यात चौकट तपासणारा ‘व्हॅलिडेटर’ दोन नव्हे, तीन निकाल देतो: चालेल, चालणार नाही आणि अजून अपुरे. पिन कोडचे ‘४१३’ एवढेच टंकून झाले आहे, तर ते चूक नाही; माणूस अजून लिहितो आहे. पहिल्याच आकड्याला लाल रेघ आणि घंटा वाजवून त्याला दरडावायचे कशाला? नव्यानेच कळफलकावर बोट ठेवणाऱ्या बाईला ही ‘अजून अपुरे’ची मुभा फार मोठी असते.

चौकटीऐवजी कधी तयार यादी असते, त्यातून निवडायचे. तेथेही नियम कोणाच्या माहितीवर बेतला आहे ते पाहावे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० च्या दुरुस्तीने. धर्माच्या यादीत ‘बौद्ध’ निवडल्यावर जातीची यादी रिकामीच उघडली, तर समजावे की नियम लिहिणाऱ्याला १९९० ठाऊक नाही. त्या वेळी ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर मुकाट्याने मान्य करू नये. सिस्टीम माणसाने लिहिलेली असते.

आता ज्या मुला-मुलींना हात घालायचा आहे त्यांच्यासाठी. पायथॉन फुकट मिळते, टीकेइंटर विंडोजवर त्याच्यासोबतच येते, आणि जुन्या संगणकावरही चालते. मोठ्या गप्पा न मारता आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या महिला बचत गटाची वही घ्या. तीन चौकटी पुरे: नाव, रक्कम, तारीख. नावाची चौकट वर सांगितली तशी सैल ठेवा. रकमेच्या चौकटीत मावशी ‘५००’ मराठी आकड्यांत टंकेल, तेही चालले पाहिजे. पायथॉन मराठी आकडे समजून घेते. डॉटनेटमधील आकडा ओळखणारे साधन त्यांना आकडे मानते, पण बेरजेसाठी संख्या करायला गेले की अडते. म्हणून प्रत्येक मराठी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करा, इंग्रजी आकडा मिळतो. लाखाला स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,००,००० असा पडतो की परदेशी पद्धतीने, तेही बघा.

चौकट तयार झाली की तिला आपल्या गल्लीतील खरी नावे देऊन पाहा. मल्लिकार्जुन टंका, सिद्धार्थ टंका, तऱ्हेतऱ्हेची जोडाक्षरे टंका. बॅकस्पेस दाबा: बहुतेक ठिकाणी शेवटची मात्राच जाते, पूर्ण जोडाक्षर नाही, आणि तसेच व्हायला हवे, कारण वेलांटी चुकली म्हणून सारे अक्षर पुन्हा टंकायला कोण लावील? मग नाव मध्येच सोडून पुढच्या चौकटीत जा, परत या, आधीचे शाबूत आहे का ते बघा. दुसरीकडून उचलून चिकटवा. आडनावाची जागा रिकामी ठेवून एंटर दाबा. हे सारे झाल्यावर गटातील सर्वांत वयस्क आजीला खुर्चीवर बसवा, कळफलक तिच्यापुढे ठेवा आणि स्वतः एक शब्दही न बोलता मागे उभे राहून पाहा.